एसीला सावली

अकोल्याच्या उन्हाळ्याबद्दल मी खोटं बोलत नाही, बोलायची गरजच पडत नाही. कोर्टासमोरच्या डांबरात एका मे महिन्यात माझी चप्पल रुतली. ती तिथंच सोडून मी एका पायावर उड्या मारत वकिलांची बाररूम गाठली. पावसाळ्यात जाऊन बघतो तर तिथं चपलांचा जोड उगवलेला. माझ्या निम्म्या अशिलांनी ही गोष्ट खरी मानली. उरलेल्या निम्म्यांचे खटले मी हरलो. अमरावतीची माणसं म्हणतात, ऊन आमच्याकडचं खरं, तुमचं नुसतं नाव. आम्ही त्यांना उन्हाळ्यात अकोल्याला बोलावतो. ते येत नाहीत.

या फेका मारायची खोड मला वडिलांकडून आली. वरूडकडच्या आमच्या बागेतलं एक संत्रं त्यांनी एकदा इतकं मोठं सांगितलं होतं, की ते न्यायला ट्रकचा फाळका काढावा लागला. व्यापाऱ्यानं मान डोलावली आणि भाव मात्र नेहमीचाच दिला. आमच्या घरी उन्हाळा, संत्री आणि नातेवाइकांचा कंजूषपणा, या तीन गोष्टी कधीच होत्या तेवढ्या सांगितल्या गेल्या नाहीत. आई चुलीपाशी बसून ऐकायची आणि शेवटी एवढंच म्हणायची, "आता खरं काय ते सांगा."

मग आईला लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. वडिलांनी बाग बटईनं कसायला दिली, अमरावतीत दवाखान्याजवळ एक घर घेतलं आणि आईला तिथं आणलं. मी दर शनिवारी अकोल्याहून जायचो. आईजवळ शब्द म्हणून तीनच उरले होते. हो, नाई, आणि तिसरा कुठून आला कोण जाणे, 'कोंडलं'. सगळा संसार ती या तीन शब्दांत चालवायची. वडील म्हणायचे, माणसाले याच्यावर लागतातच कुठं शब्द, बाकीचे तर आपण वकिलांसाठी ठेवले.

गेल्या मेमध्ये तिला ऊन लागलं. ताप असा चढला, की कपाळावर ठेवलेली ओली पट्टी बघता बघता कोरडी व्हायची. त्यातून ती वाचली, पण डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं. यांचं शरीर आता स्वतःहून थंड होत नाही, असा ताप पुन्हा आला तर त्या राहणार नाहीत, असं ते म्हणाले. खोली थंड ठेवा. कूलर नको, ओल्या हवेनं त्यांची छाती भरते. एसी लावा.

असा आमच्या घरात एसी आला. आतलं यंत्र आईच्या पायाकडच्या भिंतीवर आणि बाहेरची पेटी मागच्या अरुंद गॅलरीत, पश्चिमेला, नेमकी तिच्या उशामागच्या भिंतीपलीकडं. मधे वीतभर वीट. वडिलांना आधी या यंत्राचा राग होता. मग आई पहिल्यांदा दुपारभर शांत झोपली, आणि त्या दिवसापासून ते त्याला घरातल्या माणसासारखं वागवू लागले. यंदाचा एप्रिल चांगला गेला.

मे लागला आणि फोन सुरू झाले. मी कोर्टात उभा, समोर साक्षीदार, खिशात फोन थरथरतो. उचलला की वडिलांचा एकच शब्द.

"गिरली."

म्हणजे एमसीबी. बोर्डावरचा तो काळा खटका भर दुपारी खाली पडायचा आणि एसी बंद. थोडं थांबून वर केला की चालायचा, पुन्हा गिरायचा. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. ऐन उन्हाच्या वेळी, आईला सगळ्यात जास्त गरज असायची तेव्हाच.

मग गल्लीभर सल्ले गोळा झाले. कुणी म्हणालं, फ्रिजचा भार पडतो. फ्रिज बंद केला. कुणी म्हणालं, पाण्याची मोटर. ती बंद केली. मग टीव्ही, मग मिक्सर. शेवटी वडिलांनी देवघरातला चण्याएवढा लाल दिवासुद्धा काढून ठेवला आणि देवाची माफी मागितली. घरात एसीशिवाय विजेवर चालणारं काही राहिलं नाही, तरी गिरायची ती गिरायचीच. इलेक्ट्रिशियन आला. त्यानं खटका बदलला, वायरी तपासल्या, दुपारी व्होल्टेज पडते म्हणून वीज कंपनीला यथेच्छ नावं ठेवली. मोठी एमसीबी टाकून मोकळे व्हा, असं सांगणारेही भेटले. त्यावर त्यानं हात जोडले. खटका नाही गिरला तर भिंतीतली वायर जळंल, म्हणाला. जाता जाता त्यानं विचारलं, बाहेरची मशीन सावलीत आहे ना?

वडील दुखावल्यासारखे झाले. "सावलीत? घरात नाही इतकी सावली केली त्याले."

इलेक्ट्रिशियनचं समाधान झालं. सावली म्हटल्यावर वऱ्हाडात मे महिन्यात कुणाचंही समाधान होतं.

आणि सावली खरोखरच बघण्यासारखी होती. मेच्या सुरुवातीला वडील गॅलरीत गेले, पेटीवर हात ठेवला आणि चटका बसून मागे आले. त्यांना तिची दया आली. संत्र्याचं नवं कलम पहिल्या उन्हाळ्यात जपतात, तसं त्यांनी ते काम हाती घेतलं. बागेतून तुरीच्या वाळक्या काड्या, म्हणजे आमच्या तुराट्या, मागवल्या. त्यांच्या दाट तट्ट्या बांधून तिन्ही बाजू बंद केल्या. वर टिन टाकलं. पुढून हिरवी जाळी, ती एकेरी पुरेना म्हणून दुहेरी, आणि जाळीवर ओली पोती. सकाळ-दुपार बादलीनं पोती भिजवायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते गॅलरीत नेऊन दाखवायचे. सगळ्यांनी वाखाणलं. मी तर अकोल्याला जाऊन सांगितलं, की आमच्या एसीला पुढच्या मोसमात संत्री लागणार आहेत.

आई मात्र दुपारी अस्वस्थ व्हायची. डोळे उघडायची आणि म्हणायची, "कोंडलं."

आम्हाला वाटायचं, ती स्वतःबद्दल बोलते. आणि तिला कोंडलं होतंच. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या, दुहेरी पडदे, दाराखाली गुंडाळलेली चादर. वडिलांना ते लागायचं. थंडाव्यासाठीच करून राहिलो ना बाई, असं समजावत ते दार जरा उघडायचे. बाहेरची झळ आत आली की ती मान हलवायची, "नाई, नाई." दार लावलं की पुन्हा, "कोंडलं." आणि थोड्या वेळानं बोर्डावर खटका पडायचा.

हे असं घडतं, हे माझ्याच लक्षात आलं होतं. मी त्याचीही गोष्ट केली. आमची आई हवामान खात्याच्या पुढं आहे, म्हणायचो. एमसीबी गिरायच्या आधी वर्दी देते. वडील हसायचे. डाव्या ओठानं आईसुद्धा हसायची, आणि मग तिचे डोळे आमच्यावर तसेच रोखलेले राहायचे.

तो रविवार होता, मी अमरावतीतच होतो. दुपारी खटका पडला. वडिलांनी वर केला. पडला. थांबून वर केला, पडला. पुढंपुढं तो बोटाखालीच पडायला लागला. वडील बादली घेऊन गॅलरीत धावले, पोती भिजवली, आणि हाताला लागली ती आईची जुनी चादर ओली करून त्यावर आणखी टाकली. एसी लागला. भिंतीपलीकडून पेटीचा आवाज येऊ लागला, जड, घशात काही अडकल्यासारखा.

"कोंडलं," आई म्हणाली. तिनं डावा हात उचलला, डोक्यामागं नेला आणि उशामागच्या भिंतीवर थापटला. पुन्हा थापटला.

वडिलांनी तो हात भिंतीवरून काढून आपल्या हातात घेतला. "हो वं," ते म्हणाले, "मी इथंच आहो ना."

खटका पडला तो परत वर राहिलाच नाही. पंखा लावला, तो आग फेकू लागला. ओल्या पट्ट्या कपाळावर, काखेत, पायांवर. तिचं अंग तापत गेलं आणि बोलणं थांबलं. मी गाडी बोलावली. दवाखान्यात त्यांनी जे करायचं ते सगळं केलं. अंधार पडायच्या आत डॉक्टर बाहेर आले, गेल्या वर्षीचेच. त्यांनी गेल्या वर्षीचं वाक्य पुन्हा म्हटलं नाही.

सोमवारी सकाळी तिला घरी आणलं. माझी बहीण बंगलोरहून निघाली होती, नागपूरला उतरून मोटारीनं यायची होती, दुपार टळणार होती. तोवर आईला ठेवायचं कुठं? त्याच खोलीत. एसी लावला. चालेल तेवढा चालेल म्हणालो, आणि बर्फाची लादी सांगून ठेवली.

माणसं जमू लागली. अंगणात सावलीचा तुकडा नव्हता. गल्लीतल्या दोघांनी इकडं तिकडं पाहिलं, गॅलरीत गेले आणि ती दुहेरी हिरवी जाळी सोडून आणली. अंगणावर ताणली, माणसं खाली बसली. आंघोळीचं पाणी तापवायला जळण हवं होतं. तुराट्या निघाल्या. तीन विटांच्या चुलीत त्या चरचर जळाल्या. कुणी कुणाला विचारलं नाही. मयतीच्या घरी विचारत नाहीत.

वडील खोलीबाहेर, बोर्डाखाली खुर्ची टाकून बसले होते. महिनाभराची सवय. दुपार झाली. ऊन कालचंच होतं, कदाचित काकणभर जास्त. त्यांची नजर खटक्यावर. मीही बघत होतो. खटका पडला नाही. भिंतीपलीकडची पेटी मोकळ्या, सारख्या आवाजात चालत होती. बर्फाची लादी आली ती पोत्यातच विरघळली, लागलीच नाही.

मला आधी कळलं, की त्यांना, ते माहीत नाही. मी उठून गॅलरीत गेलो. तट्ट्या गेल्या होत्या, पोती खाली पडली होती, आणि पेटीतून गरम झोत सरळ समोरच्या मोकळ्या हवेत जात होता. खोलीतली गरमी बाहेर टाकायची, हेच तिचं काम. महिनाभर ती टाकत होती आणि तट्टीला, जाळीला आदळून तीच गरमी तिच्याकडं परत येत होती. तीच गिळून ती जास्त तापायची, जास्त वीज ओढायची आणि खटका पडायचा. खटका पडला की आम्ही तिला आणखी पांघरूण घालायचो. अख्ख्या घरात हे एकाच माणसाला ऐकू येत होतं. आईचं डोकं त्या भिंतीला होतं, आणि तिच्याजवळ तीन शब्द होते.

परत आलो तर वडील माझ्याकडं बघत होते. मी आयुष्यभर लोकांना पटेल असं खोटं बोललो, त्यावर पोट भरलं. तेव्हा म्हणालो, की आज रविवार, ऑफिसं बंद, कारखाने बंद, सगळ्या लाईनवर भार कमी. म्हणून टिकून राहिली एमसीबी. व्होल्टेजचाच घोळ होता बाबा, इलेक्ट्रिशियन बरोबर बोलला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या फेका ते असेच ऐकायचे, मान किंचित तिरपी करून, कारागिराचं काम कारागिरानं पाहावं तसं.

"रविवार काल होता," ते म्हणाले.

अंगणात कुणीतरी चुलीत आणखी तुराट्या सारल्या.

"ती मले मशीनचं सांगून राहिली होती," वडील म्हणाले. "अन् मी तिचा हात धरून बसलो."

बहीण उन्हातून आली, तशीच खोलीत गेली आणि आईच्या पायाशी बसली. रडून झाल्यावर तिनं पदर अंगाभोवती ओढला आणि किती थंड आहे इथं, असं म्हणाली. दारातल्या बायका म्हणाल्या, हो, चांगली थंड ठेवली आहे. वडील उठून अंगणात गेले.

ऊन कलल्यावर आईला उचललं. हिरव्या जाळीखालून बाहेर काढलं, तेव्हा जाळीचे बारीक चौकोन तिच्या चेहऱ्यावरून सरकत गेले. सगळे फाटकाशी पोचले आणि वडील मागे नाहीत असं दिसलं. मी परत आत गेलो. रिकाम्या खोलीत एसी अजून चालू होता. ते बोर्डासमोर उभे होते. त्यांनी हात वर केला आणि खटका स्वतः खाली पाडला. भिंतीपलीकडचा आवाज बसेपर्यंत थांबले, मग पायात चपला सरकवून माझ्यापुढं निघाले.