कोरं आणि शून्य

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी देवळाली प्रवराजवळच्या एका शेती संशोधन केंद्रात होते. ज्वारीच्या चाचण्यांचे आकडे छिद्रं पाडून कार्डांवर उतरवायचे आणि कार्डांचा खोका मांडीवर घेऊन एसटीनं मुंबईच्या संगणकापर्यंत न्यायचा, हे माझं काम. फोर्ट्रान भाषेतला प्रोग्राम मीच लिहिलेला, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

मग आम्हाला पुण्यातला, दुसऱ्या कंपनीचा संगणक मिळाला. भाषा तीच, प्रोग्राम तोच, कार्डंही तीच. उत्तर मात्र निराळं! आमच्या ज्वारीच्या सरांनी पोटच्या पोरासारखा वाढवलेला वाण जुन्या निकालात पहिला होता, तो नव्यात तळाला गेला. बियाणं ठरवणारी बैठक तोंडावर आलेली. सरांना घास गिळवेना. मला त्यांची कणव आली आणि त्या यंत्राचा संताप.

“तुमचा प्रोग्राम चुकला असेल,” पुण्याचे अधिकारी म्हणाले.

“तर मग तो मुंबईतही चुकला असता,” मी म्हटलं आणि दोन्ही निकाल शेजारी पसरून ओळीला ओळ लावत बसले.

फरक निघाला तो मिरजगावच्या चाचणीतल्या, सरांच्या वाणाच्या एकाच वाफ्यात. त्याच्या कार्डावर उत्पन्नाची जागा कोरी होती. मुंबईचा संगणक कोरी जागा शून्यापेक्षा वेगळी ओळखायचा. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं, वापरता वापरता मीच हेरलं होतं, आणि त्याच्या भरवशावर माझा प्रोग्राम कोरा वाफा हिशेबातून वगळायचा. पुण्याच्या यंत्राला कोरं काय नि शून्य काय, सारखंच. त्यानं तिथं काही पिकलंच नाही असं धरलं.

वाफा कोरा का, हे विचारायला मी सरांना घेऊन मिरजगाव गाठलं. ज्याच्या रानात चाचणी होती तो शेतकरी हसतच सुटला.

“बाई, सायबांचं पावनं आल्तं न्हवं? त्यांना हुरडा घातला. त्यो वाफा लई ग्वाड हुता. दुसरा कसा देऊ?”

“माझेच पाहुणे,” सर म्हणाले. सर्वांत गोड म्हणून पाहुण्यांनी फस्त केलेला वाफा, आणि संगणकाच्या लेखी तिथं नुसती माती!

पुण्याचे अधिकारी तरी अडून राहिले. पुस्तकाप्रमाणे त्यांचं यंत्र बरोबर होतं. “असू दे बरोबर,” मी म्हटलं, “मला ते मुंबईसारखं वागायला हवंय.” मग मी प्रोग्रामला आधी ती जागा अक्षरं म्हणून वाचायला लावली. कोरी असेल तर वगळायची, नसेल तरच आकडा घ्यायचा. निकाल शेवटच्या अंकापर्यंत जुळला. सरांचा वाण बैठकीत पास झाला आणि त्यांनी केंद्रभर पेढे वाटले.

शेतकऱ्याला मी सगळं समजावून सांगितलं: खाल्लं तर कोरं, पिकलंच नाही तर शून्य. त्याला त्याची फार गंमत वाटली.

पुढच्या रब्बीला बहात्तरचा दुष्काळ होता. मी मिरजगावला गेले तेव्हा सगळे वाफे भेगाळलेले होते, सरांच्या वाणाचेसुद्धा. मी पेन्सिल काढली, पण लिहवेना.

“कोरं नका ठिवू, बाई,” तो म्हणाला. “यंदा कुनी खाल्लं न्हाई. शून्यच लिवा.”

मी लिहिलं. त्या वर्षीचा निकाल माझ्या जुन्या प्रोग्रामनंही दोन्ही संगणकांवर सारखाच आला असता.