भिंतीवरच्या बायका

आमच्या घरी सुकट भाजली की वरच्या मजल्यावरच्या बायका खिडक्या आपटून बंद करायच्या. एकदा तर सोसायटीकडे लेखी तक्रार गेली होती. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून मुताचा जो वास बाराही महिने आमच्या ताटात यायचा, त्याबद्दल कोणी कधी ब्र काढला नाही.

बोरिवली पूर्वेला हाउसिंग बोर्डाच्या इमारतींत आम्ही तळमजल्यावर राहत होतो. वडील गिरणीत होते. संप फिसकटल्यावर ते गावी जाऊन बसले, ते बसलेच. इथे आई, मोठा भाऊ आणि मी. वसाहतीच्या मागे कंपाउंडची लांब भिंत होती, तिच्या पलीकडून रस्ता जायचा आणि त्या रस्त्यावरून येणारा-जाणारा पुरुष भिंतीपाशी आला की थांबायचाच. दूध केंद्राकडे जायचा रस्ता तोच, बस स्टॉपचाही तोच. बायका नाकाला पदर लावून भराभर जायच्या. पुरुष निवांत उभे असायचे. आजही कोणी रस्त्याकडे पाठ करून भिंतीशी उभा दिसला की मी रस्ता ओलांडते.

अशा या वसाहतीत एके वर्षी कलेचं वारं शिरलं. नाटक-गाण्याची हौस असलेल्या काही मंडळींनी मिळून एक मंडळ काढलं. त्याचं नाव फार सुंदर होतं, म्हणूनच इथे सांगत नाही. परिसरातले कलावंत आणि रहिवासी यांना एकत्र आणणं हा त्याचा उद्देश. अध्यक्ष बँकेत अधिकारी होते आणि ऑफिसच्या नाट्यस्पर्धेत काम करायचे. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम पिशवी आणि कुठल्याही वाक्याच्या आधी मोठा श्वास. दर रविवारी बालवाडीच्या व्हरांड्यात बैठक भरायची. एक कवी होते, ते दर वेळी तीच कविता नव्याने सुधारून वाचायचे. एक गायनाच्या बाई होत्या, त्यांना कुठलीही गोष्ट किळसवाणी वाटायची, आपला आवाज सोडून. रहिवासी बटाटेवड्यांसाठी यायचे. मीसुद्धा जायचे. वडे चांगले असायचे, खोटं कशाला बोलू.

या मंडळाने कलावंत शोधायला घेतले तेव्हा त्यांना दादा सापडला. दादा गोरेगावच्या एका स्टुडिओत सेट रंगवायचा. राजवाड्यांचे खांब, डोंगर, मावळतीचं आभाळ, सगळं पडद्यांवर आणि प्लायवूडवर. तोपर्यंत वसाहतीत त्याला सगळे पेंटर म्हणायचे आणि दिवाळीच्या आधी खिडक्यांची ग्रिलं रंगवायला बोलवायचे. आता तो एका रविवारात 'आमचे कलावंत' झाला. अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला.

दादाला त्याचं फारसं काही नव्हतं. त्याचं दुखणं वेगळं होतं. त्याने रंगवलेलं काहीच कधी उरायचं नाही. शूटिंग संपलं की हातोडे घेऊन माणसं यायची आणि त्याचं आभाळ फळ्यांसकट उचकटून टेम्पोत टाकायची. त्यामुळे अध्यक्षांनी जेव्हा 'कला रस्त्यावर आली पाहिजे' असं म्हणत ती मागची भिंत दादाला रस्त्याच्या बाजूने रंगवायला दिली, तेव्हा घरी येऊन तो आईला पहिलं हेच म्हणाला, "आई, भिंतीवर काढलेलं तरी राहील ना गं? ही काय कोणी पाडत नाही."

त्याने विषय घेतला नळाचा. आमच्याकडे पाणी वर चढायचं नाही. सगळ्या मजल्यांवरच्या बायका खाली येऊन अंगणातल्या नळावर रांग लावायच्या. दादाने ठरवलं, तीच रांग काढायची, खऱ्या बायकांची, खऱ्या चेहऱ्यांची.

झालं! वसाहतीत धमाल उडाली. दादा वही घेऊन नळावर बसला तर दुसऱ्या दिवशी निम्म्या बायका लग्नातल्या साड्या नेसून पाणी भरायला हजर. एकीने तर मोत्याची नथ घातली होती आणि बादली उचलताना ती सांभाळत होती. "मला जरा गोरी काढ हां," असं प्रत्येकीने त्याला बाजूला घेऊन सांगितलं. अध्यक्षांची बायको म्हणाली, "मला हंडा नको रे, मी नुसती उभी आहे असं दाखव ना." दादा हसायचा, हो हो म्हणायचा आणि त्याला दिसलं तसंच काढायचा. गाऊनवर टॉवेल टाकलेल्या, केस विंचरायला वेळ न मिळालेल्या, नळाकडे डोळे लावून उभ्या असलेल्या बायका.

आई रांगेत सगळ्यात शेवटी होती. खऱ्या रांगेतही ती शेवटीच असायची. कोणाला ऑफिसची घाई, कोणाचं मूल रडतंय, ती सगळ्यांना पुढे जाऊ द्यायची. दादाने तिला भिंतीच्या टोकाला काढलं, वळणापाशी, कमरेवर कळशी आणि चेहऱ्यावर तिचं ते 'होऊ दे तुमचं' असं हसू. मी खूप ठिकाणी चित्रं पाहिली आहेत नंतर. इतकं खरं माणूस मला कुठे दिसलं नाही.

उद्घाटन झालं. अध्यक्षांनी श्वास घेतला आणि कला, जनता, पाणी, स्त्री असं सगळं एका भाषणात बसवलं. बायका आपापल्या चित्रापाशी उभ्या राहून फोटो काढत होत्या आणि आपण काळ्या दिसतो म्हणून कुरकुरतही होत्या. थोडे दिवस भिंत स्वच्छ राहिली. नवा रंग होता, माणसं बिचकत होती. मग बिचकणं संपलं.

आधी डाग दिसायला लागले. मग ओघळ. गाऊनच्या रंगाचे पोपडे निघाले. एका रविवारी तातडीची बैठक बोलावली गेली. मला वाटलं, चला, आता तरी भिंतीपाशी पहारा बसवतील, निदान मुतारी बांधायचा अर्ज करतील. व्हरांड्यात शिरले तर सगळे दादाकडे रागाने बघत होते.

"आमच्या बायकांची अब्रू चव्हाट्यावर आणलीत तुम्ही," एक जण म्हणाला.

"त्यांच्या अंगावर कोणी काय करतंय याचा विचार नको का करायला, चित्र काढण्याआधी?" कवींनी विचारलं.

मला राहवलं नाही. मी उठून म्हणाले, "अहो, मग जो मुततो त्याला धरा ना! चित्र काढणाऱ्याला काय धरताय?"

"शी!" गायनाच्या बाई ओरडल्या. "चारचौघांत काय शब्द वापरतेस!"

अध्यक्षांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "कोणाकोणाला धरणार? रिक्षावाले असतात ते. बाहेरचे. त्यांना कलेची जाण नाही, पण देवाची भीती आहे." आणि मग त्यांनी तोडगा सांगितला. बायका पुसायच्या आणि तिथे देव काढायचे. गणपती, मारुती, साईबाबा, एक क्रूस, एक मशीद, म्हणजे कोणाची तक्रार नको. भीतीपोटी कोणी उभं राहणार नाही. कलावंत आणि रहिवासी यांना एकत्र आणणाऱ्या त्या मंडळाने एकमताने टाळ्या वाजवल्या. ज्या बायकांची अब्रू जात होती त्यांच्यातली एकही बैठकीत नव्हती. त्यांना बोलावलंच नव्हतं.

"तुम्हीच काढा," अध्यक्ष दादाला म्हणाले. "देव काढायला तुमच्याइतका चांगला हात कुठे मिळणार?"

"मी पुसणार नाही," दादा म्हणाला. "दुसरा कोणी पुसायला आला तर मी भिंतीसमोर बसेन." एवढंच बोलून तो निघाला. मी त्याच्यामागोमाग घरी आले. त्याचे कान लाल झाले होते.

आई तांदूळ निवडत होती. मी तणतणत सगळं सांगितलं. रिक्षावाले म्हटल्यावर तिचा हात थांबला.

"रिक्षावाले खंयचे?" ती गावच्या बोलीत म्हणाली. "आपलेच सगळे. सकाळी दूध आणूक जातंय तेव्हा बघतंय मी. तुमचो अध्यक्ष पयलो."

दादा तिच्यासमोर येऊन बसला.

"आपापल्या बायकोसमोर कोण उभो रवना नाय," आई पुढे म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "सगळे टोकाक येतत. वळणाकडे."

टोकाला कोण होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मग मला न्हाणीघरातली फिनाइलची बाटली आठवली, जी हल्ली इतक्या लवकर संपायची. आई रोज पहाटे दूध आणायला जाताना बादली का नेते, हे मी तिला एकदा विचारलं होतं आणि तिने उत्तर टाळलं होतं. ज्या पाण्यासाठी ती रांगेत शेवटी उभी राहायची, त्यातली एक बादली ती रोज स्वतःच्याच अंगावर ओतून येत होती.

मी उठून न्हाणीघरात जाऊन ती बाटली पाहिली. तळाशी जेमतेम बोटभर उरलं होतं. बाहेर आले तर दादा चपला घालत होता.

"खंय चललंस?"

"त्याच्या घरी. त्याच्या बायकोसमोर विचारतो त्याला."

"बस थंय," आई म्हणाली. "विचारशील, तो नाय म्हणतलो. मगे?" तिने सूप खाली ठेवलं. "बाबू, तुझा चित्र रवला तर मीय थंयच उभी रवतलंय. रोज. तू आधी माका पूस."

दादाने चपला काढल्या आणि तो परत आत आला. मी म्हटलं, दादा, नको पुसू, लढू आपण. त्याने नाही म्हणून मान हलवली. आईला तिथे उभी ठेवून लढायचं, हे त्याला जमणार नव्हतं, आणि मला ते म्हणायला तरी काय जात होतं?

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून त्याने पांढरा रंग कालवला. पहिला हात वळणापाशी मारला. आधी पाय, मग कळशी, चेहरा शेवटी. मग बाकीच्या. बायका खिडक्यांतून बघत होत्या. एकीने चहा पाठवला. कोणी खाली आलं नाही. त्या पांढऱ्यावर त्याने देव काढले, आणि वाईट काढले असं मला म्हणता येत नाही. आईच्या जागेवर गणपती आला. मंडळाने दादाला शाल आणि नारळ दिला. त्याने शाल स्टुडिओत ब्रश पुसायला नेली आणि मंडळाच्या बैठकीला तो परत कधी गेला नाही.

देवांचा उपाय मात्र झकास लागू पडला. भिंत कोरडी झाली, उदबत्त्या लागल्या, वास गेला. अध्यक्ष बँकेत निघताना वळणापाशी थांबायचे, चपला काढायचे आणि डोळे मिटून हात जोडायचे. मी बस स्टॉपवरून बघायचे आणि मला त्या माणसाच्या हातांची किळस यायची. ती अजून गेलेली नाही.

आमची आई भारी देवभोळी. बसमधून जाताना देऊळ दिसलं तरी हात कपाळाला लावायची. पण त्या भिंतीवरून जाताना ती सरळ समोर बघत चालायची. एकदा संकष्टीला आम्ही दोघी तिथून येत होतो, गणपतीपुढे चांगली गर्दी होती. मी म्हटलं, "आई, आज तरी नमस्कार कर. देवाने काय केलंय?"

ती थांबलीही नाही. "मगे काय," ती म्हणाली, "माझ्याच पायां पडू?"