मग संघ आला

गोष्ट सांगणं ही माणसानं अन्यायाविरुद्ध पेटवलेली पहिली मशाल आहे. हे वाक्य आमच्या संघाच्या सभागृहात लांबलचक बॅनरवर तमिळमध्ये छापलेलं होतं. बॅनरचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं होतं आणि दुसऱ्यासाठी खिळा न सापडल्यामुळे ते छताच्या पंख्याला बांधलं होतं. तंजावरचा मे महिना होता. आम्ही सगळ्याजणी दिवसभर मशालीखाली पंख्याविना बसलो.

संघ म्हणजे बायकांची संघटना. तांदळाच्या गिरणीमागे दोन खोल्या, एक सभागृह आणि दारात एक व्हॅन, एवढा आमचा पसारा. नवऱ्याची मारहाण, भातशेतीतली मजुरी, रेशनकार्ड अशा तक्रारी तिथे येतात. मी आयुष्यभर हिंदीच्या शिकवण्या घेतल्या. तमिळनाडूत हा धंदा करणाऱ्या माणसाला थोडा एकांत आपोआप मिळतो. शिकवण्या बंद केल्यावर संघाचं इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. हिंदीमुळे मला देवनागरी वाचता येते, घरामुळे मराठी बोलता येतं, आणि म्हणून पुण्याहून संशोधक येणार असं ठरल्यावर दुभाषी म्हणून सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

पाहुणी माझ्या भाचीच्या वयाची होती. माझं मराठी ऐकून ती हरखली.

"काकू, किती गोड बोलता तुम्ही. मूळच्या कुठल्या?"

"इथल्याच."

"नाही, पण मूळच्या?"

आमच्या कित्येक पिढ्यांची राख कावेरीत गेली आहे, तेव्हा मूळ हवं असेल तर तिरुवैयारूच्या घाटावर गाळ उपसावा लागेल, असं मी म्हटलं. तिनं ते लिहून घेतलं. विनोद लिहून घेणाऱ्या माणसाशी जपून बोलावं लागतं. तंजावरात आम्हा मराठी घरांना रायर म्हणतात आणि पुण्यात मद्रासी म्हणतात, त्यामुळे 'मूळच्या कुठल्या' हा प्रश्न मला नवा नव्हता. तो मला अधूनमधून विचारला जातो. संघात एकजण अशी होती जिला तो रोज विचारला जाई.

तिला आम्ही सगळ्या पाप्पा म्हणत असू. पाप्पा म्हणजे छोटी मुलगी. ही छोटी मुलगी चाळिशी ओलांडलेली होती. नर्सिंग शिकायला ती मिझोरामहून तंजावरला आली, शिकली, नोकरी केली, आणि एका दुखापत झालेल्या बाईला संघात पोहोचवायला आली ती इथेच राहिली. तिचं तमिळ इतकं कावेरीकाठचं आहे की फोनवर चेन्नईची माणसं विचारतात, तुम्ही पापनाशमच्या की कुंभकोणमच्या? हे फोनवरच होतं. समोर आल्यावर तीच माणसं तिच्याशी हळूहळू, हातवारे करत बोलतात.

संघाचं तिच्यावर प्रेम होतं, याबद्दल मला शंका नाही. अध्यक्ष अम्मांनी तिला हॉस्टेल बंद पडलं तेव्हा वर्षभर आपल्या घरी ठेवलं होतं. अम्मा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका; पोलीस ठाण्यात त्या शिरल्या की बसलेले शिपाई उभे राहत, कारण अर्धे त्यांचेच विद्यार्थी. पाप्पाला तिखट सोसत नाही म्हणून अम्मा तिच्यासाठी रसम वेगळं काढून ठेवत. संघाच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर पाप्पाचा फोटो असे. व्यासपीठावर मात्र ती कधी नसे. मागच्या खोलीत बसून अर्ज भरणं, फोन घेणं आणि इतरजणींची भाषणं लिहून देणं हे तिचं काम होतं.

त्या उन्हाळ्यात ओरत्तनाडू भागाची जागा रिकामी झाली. तिथली संघटक मुलाकडे कोइम्बतूरला राहायला गेली. त्या भागातल्या गावांच्या बैठका घेणं, पोलिसांकडे आणि सरकारी कार्यालयांत बायकांबरोबर जाणं, असं ते काम. पाप्पानं ते मागितलं. कार्यकारिणीनं विचार करू म्हटलं. आमच्याकडे विचार करू याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. खजिनदार अक्का मला खाजगीत म्हणाल्या, "खेडेगाव आहे. लोक काय म्हणतील? तिच्याच भल्यासाठी सांगते." लोक काय म्हणतील या वाक्याविरुद्ध आमच्या संघाची एक पुस्तिका आहे. ती अक्कांनीच लिहिली आहे.

पाहुणी यायच्या आदल्या दिवशी पाप्पा कॉफी गाळता गाळता मला म्हणाली, "ऐझॉलला ताईच्या ओळखीनं एका दवाखान्यात जागा आहे. ओरत्तनाडू नाही झालं तर मी जाते, रायर अम्मा. तुम्हालाच सांगितलंय." बैठक पुढच्या आठवड्यात होती. मी कुणाला सांगितलं नाही आणि कॉफीही मला कडू लागली, पण ती पाप्पाची कॉफी असल्यामुळे असू शकेल.

पाहुणीचा विषय होता स्त्रियांच्या संघटनांमधला वंशभेद. प्रश्नावली नाही, टक्केवारी नाही. प्रत्येकीनं स्वतःची एक गोष्ट सांगायची आणि त्या गोष्टींतूनच संघटनेनं स्वतःला पाहायचं, अशी तिची पद्धत. अम्मांनी विषय शांतपणे ऐकून घेतला.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे नाही तो. पण चांगला आहे."

नियम मोजके होते. सांगणारीला मध्ये थांबवायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. सांगून झाल्यावर दुसऱ्या कुणीतरी तीच गोष्ट 'मी' म्हणून पुन्हा सांगायची, आणि त्यात पदरची भर घालायची नाही. मला पाहुणीच्या कानाशी मराठी करायचं होतं, आणि मीही 'ती म्हणते' असं न म्हणता 'मी' म्हणावं अशी तिची अट होती. म्हणजे त्या दिवशी सभागृहात जे कुणाला घडलं ते मलाही घडणार होतं.

इथे आमची एक सवय सांगायला हवी. दर महिन्याच्या सभेत त्या महिन्यातल्या तक्रारींच्या गोष्टी सांगतात. नवऱ्यानं दाराला कडी घातली, सासऱ्यानं दागिने काढून घेतले, गावानं पाणी तोडलं. गोष्ट कोणतीही असो, शेवटी सांगणारी म्हणते, "मग संघ आला," आणि सगळ्या टाळ्या वाजवतात. देवळात आरती संपल्यावर हात जसे आपोआप कपाळाकडे जातात तशा त्या टाळ्या. या सवयीनं आम्हाला पुष्कळ धीर दिला आहे. आमच्या एकाही गोष्टीचा शेवट वाईट झालेला नाही.

सकाळच्या गोष्टी त्याच वळणानं गेल्या. एकीनं काळ्या रंगावरून मोडलेलं लग्न सांगितलं. मग संघ आला. एकीनं शाळेत वेगळा ठेवलेला पेला सांगितला. तेव्हा संघ स्थापन व्हायचा होता, तरीही तो आला. पाहुणी घाम पुसत लिहीत होती. टाळ्यांनी बॅनर तेवढा हलत होता.

जेवणानंतर पाप्पा म्हणाली, "मी सांगते."

तिनं मांडी बदलली आणि बसमधली गंमत सांगावी तसं सुरू केलं.

"पापनाशमला सभा होती. भाषण मी लिहिलं होतं. विषय होता, प्रत्येक स्त्रीला स्वतःचा आवाज आहे. व्हॅनमध्ये मी आरशात बघून म्हणूनसुद्धा पाहिलं, ड्रायव्हर अण्णा म्हणाले, छान जमतंय. तिथे पोहोचल्यावर मला सांगितलं, पाप्पा, तू गाडीतच बस. मी बसले. ऊन होतं. पोरं जमली, काचेला नाक लावून बघायला लागली. एक म्हणाला, चायना. दुसरा म्हणाला, नाही रे, नेपाळ. मी आतून म्हटलं, तुझ्या आजीच्या गल्लीत राहते मी, तंजावरला. ती पळाली. मग लाउडस्पीकरवर माझं भाषण सुरू झालं. वाचणारीनं एक पान गाळलं, म्हणून शेवट कुणाला कळला नसेल. टाळ्या मात्र पडल्या. अण्णांनी मला पन्नीर सोडा आणून दिला. मग फोटोसाठी हाक मारली, तेव्हा मी उतरले. मला मध्ये उभं केलं."

ती थांबली. पन्नीर सोडा म्हणजे गुलाबपाण्याचा सोडा, असं मी पाहुणीला सांगत होते, कारण त्या क्षणी मला सांगता येण्यासारखं तेवढंच होतं. भिंतीला टेकून बसलेल्या खजिनदार अक्कांचा जेवणानंतर डोळा लागला होता. आवाज थांबला तशा त्या जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "मग संघ आला."

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणखी दोघी-तिघींनी वाजवल्या. मग त्या टाळ्या एकेक करून बंद झाल्या.

"अक्का," पाप्पा अगदी मऊपणे म्हणाली, "संघ आधीच आला होता. मी संघाच्याच गाडीत बसले होते."

गिरणी दुपारची बंद होती. एरवी तिचा आवाज असतो.

पाहुणीनं मला विचारायला सांगितलं, ही गोष्ट पुन्हा कोण सांगेल? सगळ्या आपापल्या पदराकडे बघायला लागल्या. कठीण काम आलं की ते आपलं, अशी अम्मांना सवय, त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "मी सांगते."

त्यांनी वर्गात धडा वाचावा तशी सुरुवात केली. "पापनाशमला सभा होती. भाषण मी लिहिलं होतं. पोहोचल्यावर, ऊन फार होतं म्हणून, काळजीपोटी मला गाडीत—"

पाहुणीनं हात वर केला. तिचं म्हणणं मी तमिळमध्ये सांगितलं: "अम्मा, गोष्टीत ऊन होतं. काळजी नव्हती."

अम्मांनी माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य माझं नाही हे त्यांना कळावं म्हणून मी पाहुणीकडे पाहिलं.

"बरं. पोहोचल्यावर, गावातल्या बायकांना सवय नसते म्हणून—"

"मला कारण सांगितलं नव्हतं, अम्मा," पाप्पा म्हणाली.

अम्मांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. पोलीस ठाण्यात, कोर्टात, जिल्हाधिकाऱ्यांसमोर मी त्यांना बोलताना ऐकलं आहे. शब्द शोधताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी पुन्हा सुरू केलं, हळू.

"भाषण मी लिहिलं होतं. आरशात बघून म्हणून पाहिलं. पोहोचल्यावर अध्यक्ष मला म्हणाल्या, पाप्पा, तू गाडीतच बस."

पाहुणीनं पुन्हा हात वर केला. बिचारी नियमाला पक्की होती, आणि पापनाशमला कोण होतं हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. "काकू, 'अध्यक्ष' असं त्या म्हणाल्या नव्हत्या. भर घालायची नाही, सांगा ना त्यांना."

मी ते तमिळमध्ये करायला थोडा वेळ घेतला. अम्मांना हात बघूनच कळलं होतं.

"सांग तिला," त्या म्हणाल्या, "एवढी भर राहू दे."

आणि उरलेली गोष्ट त्यांनी नीट सांगितली. नाक लावलेली पोरं, गाळलेलं पान, सोडा. "मग फोटोसाठी हाक मारली, तेव्हा मी उतरले. मला मध्ये उभं केलं." इथे त्या थांबल्या. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पाप्पानं उठून त्यांना पाण्याचा पेला दिला, अम्मांनी तो अर्धा पिऊन तिलाच परत दिला, आणि तिनं उरलेला पिऊन टाकला. हे पाहुणीनं लिहून घेतलं की नाही ते मला दिसलं नाही.

पद्धतींबद्दल माझं मत फारसं बदललेलं नाही. शिकवण्यांच्या काळात मी अनेक पद्धती येताना आणि जाताना पाहिल्या. पण दुसऱ्याचं वाक्य 'मी' म्हणून उच्चारताना माणूस जिथे अडखळतो, तिथे काहीतरी असतं, एवढं मी मान्य करते. मी स्वतः 'तू गाडीतच बस' हे मराठीत सांगताना अडखळले होते. आमच्या रायर म्हणवून घेण्याचं लहानसं दुखणं त्या शेजारी मांडावं, असं क्षणभर मनात आलं. ते तिथे फारच नीटनेटकं दिसलं असतं, म्हणून ठेवून दिलं.

पुढच्या आठवड्यात कार्यकारिणी बसली. खजिनदार अक्का म्हणाल्या, "माझा विरोध नाही. पण गावात लोक विचारतील, ही कुठली म्हणून."

"विचारू देत," अम्मा म्हणाल्या. "उत्तर देण्याची तिला आपल्यापेक्षा जास्त सवय आहे."

 अक्का म्हणाल्या, "आणि तिखटाचं काय? तिकडे फार घालतात." हा त्यांचा खरा आक्षेप होता असं मला वाटत नाही, पण तो शेवटचा होता. ठराव झाला.

अम्मा मागच्या खोलीत गेल्या. पाप्पा फोनवर होती. तिनं फोन ठेवला.

"ओरत्तनाडूला सोमवारपासून जायचं."

"जाते, अम्मा."

"व्हॅन घेऊन जा."

"नको. व्हॅनमध्ये मी पुष्कळ बसले. बसनं जाईन."

अम्मा दारात उभ्या राहिल्या. माझ्या अंदाजानं त्यांना आणखी काही म्हणायचं होतं. "रसम डब्यात देते मग," असं म्हणून त्या गेल्या.

पाहुणीला निघताना आम्ही तंजावरची मान डोलावणारी बाहुली दिली. ती प्रत्येक पाहुण्याला देतो. कोणत्याही प्रस्तावाला ती होच म्हणते, तेव्हा विद्यापीठात उपयोगी पडेल असं मी म्हटलं. हे मात्र लिहून न घेता ती हसली. बॅनर उतरवला, पंखा सुरू झाला.

पाप्पाला ओरत्तनाडूत आता पावसाळा, हिवाळा दोन्ही झाले. गावं तिला स्वीकारणार नाहीत अशी जी भीती होती, तिची नोंद इतिवृत्तात आहे, म्हणून पुढचीही करणं मला भाग होतं. त्या भागातून तिच्याविरुद्ध आजवर एकच तक्रार आली आहे. बैठका फार लांबतात.