सातकुलप्यांच्या दारातून परत गेलेली माणसं

आमच्या मजल्यावरच्या किल्लीवाल्यांना सगळी इमारत सातकुलपे म्हणते. हे त्यांचं आडनाव नव्हे. त्यांच्या दाराला सात कुलपं आहेत, एवढंच. दोन बाहेरून, चार आतून, आणि सातवं कुठं आहे ते त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. सकाळी दूध घ्यायचं म्हणजे आधी आतून बराच वेळ खाडखूड चालते, मग दार बोटभर उघडतं आणि फटीतून एक डोळा विचारतो, "कोण?" समोर दूधवाला असतो. गेली अकरा वर्षं तोच.

माणूस भित्रा म्हणून या धंद्यात आला की धंद्यानं भित्रा झाला, हे मला कळलेलं नाही. ते स्वतः म्हणतात, "तुम्हाला नुसतं कुलूप दिसतं. मला ते उघडायला किती वेळ लागेल ते दिसतं." एकदा आमच्या दाराकडे सहज बघून "चाळीस सेकंद" असं म्हणाले आणि जिना उतरून गेले. पुढचे आठ दिवस आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही.

बाजारातल्या एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांची जागा होती. एक माणूस, एक स्टूल, एक किल्ल्या कापायचं मशीन आणि भिंतभर कोऱ्या किल्ल्या. तिथं त्यांनी एकतीस वर्षं काढली. गिऱ्हाईक आलं की ते आधी किल्ली बघत नसत, माणूस बघत. "ज्याची किल्ली खरंच हरवलीय तो चिडलेला असतो," असं त्यांचं शास्त्र. "गोड बोलायला लागला की समजायचं, कपाट दुसऱ्याचं आहे." फार अदबीनं बोलणाऱ्या एका प्राध्यापकांना त्यांनी तीनदा परत पाठवलं होतं. चौथ्यांदा ते गृहस्थ शिव्या देत आले, तेव्हा किल्ली मिळाली.

मग त्या इमारतीला लिफ्ट आली आणि जिन्याखालची जागा तिनं खाल्ली. मशीन घरी आलं आणि जेवणाच्या टेबलावर बसलं. घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली.

बायकोनं महिनाभर सोसलं. एक दिवस ती म्हणाली, "अहो, दादाच्या ऑफिसात जागा रिकामी आहे. नुसतं पुढं बसायचं. येईल त्याला नाव विचारायचं आणि वहीत लिहायचं."

तिचा हा भाऊ दारं बसवणाऱ्या कंपनीत साहेब आहे. साधी दारं नव्हेत, आपोआप उघडणारी. माणूस नुसता जवळ आला की ती दोन्हीकडं सरकतात. सातकुलपे एकदा मेहुण्याला भेटायला गेले होते, तेव्हा ते दार त्यांच्यासमोर आपसूक उघडलं आणि ते तिथूनच परत आले. "हाक नाही, विचारणं नाही, कोण आहे ते बघणं नाही!" ते बायकोला म्हणाले. "आणि तिथं मी दिवसभर बसू?"

मुलगी मध्ये पडली. ती कुठल्याशा कार्यालयात नोकरी करते आणि घरात तेवढी एकटीच कशाला घाबरत नाही. "बाबा, आपण वेबसाइट काढू. जुन्या कपाटांच्या, पेट्यांच्या, टेबलाच्या कप्प्यांच्या किल्ल्या हल्ली कुठं मिळतात? लोक कुलपावरचा नंबर आणि फोटो पाठवतील. तुम्ही किल्ली करून टपालानं पाठवायची."

"आणि माणूस कसा दिसणार?"

"नाही दिसणार."

ते खाली बसले.

अखेर बायकोनं तोड काढली. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत एका तरी अनोळखी माणसानं किल्ली मागितली पाहिजे. ओळखीचा चालणार नाही, बहीणभाऊ तर नाहीच. नाही मागितली तर मशीन भंगारात आणि हे मेहुण्याच्या दारात. मेहुण्यानं आगाऊ एक टायही पाठवून दिला. तो कपाटाच्या मुठीला लटकत होता. येताजाता त्याच्याकडे बघून सातकुलपे गळा चाचपत.

वेबसाइट झाली. मुलीनं फोटो घातले, सगळं बापाच्या हाती दिलं आणि ती आपल्या कामाला लागली. पहिला आठवडा कोणी आलं नाही. दुसरा गेला, तिसरा गेला. सातकुलप्यांनी चिठ्ठ्या छापून आणल्या आणि इमारतीइमारतीच्या पत्रपेट्यांत टाकल्या. पेट्यांची कुलपं किती कच्ची आहेत हे बघून जास्तच घाबरून घरी आले. जुनं सामान विकणाऱ्यांच्या दुकानात जाऊन पत्ता लिहून आले. मागणी एक नाही.

चौथ्या आठवड्यात, रविवारी दुपारी, मुलीनं स्वतःचा फोन त्यांच्यापुढं धरला. "बाबा, यात दिसतं बघा साइटवर कोण आहे ते. आत्ता एक जण आहे."

"आत्ता?"

"हो, या क्षणी."

सातकुलपे उठले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

"अहो, तो फोनमध्ये आहे," बायको म्हणाली. "स्वयंपाकघरात नाही."

"हळू बोल गं!"

तिघं त्या आकड्याकडे बघत बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आकडा हलेना. "एवढा वेळ काय करतोय?" सातकुलपे कुजबुजले. "काही उचकटत असेल का?" बायकोला हसू येत होतं, पण बाराव्या मिनिटाला तीही पदराशी चाळा करायला लागली. एकोणिसाव्या मिनिटाला टेबलावरचा फोन वाजला आणि सातकुलपे मशीनच्या मागं गेले.

मेहुणा होता. तो इतक्या मोठ्यानं बोलत होता की भिंतीपलीकडे आम्हालाही ऐकू आलं. "भावजी! मी तुमच्या सख्ख्या बायकोचा सख्खा भाऊ! वीस मिनिटं झाली, तुमची साइट मला आत घेत नाही! आजोळ कुठलं, हे तुम्हाला कशाला हवंय?"

मुलीनं बापाकडे पाहिलं. "बाबा, काय केलंत?"

मग सगळं बाहेर आलं. वेबसाइटलाही कुलूप घालता येतं असं सातकुलप्यांना दुसऱ्याच दिवशी आढळलं होतं. असं काही आढळल्यावर ते घातल्यावाचून राहायला त्यांच्या जागी दुसराच माणूस हवा. पहिल्या पानावर त्यांनी एक अर्ज ठेवला होता. अकरा प्रश्नांचा. नाव, पत्ता, कोणी पाठवलं, किल्ली कशी हरवली, हरवल्यावर घरात कोण काय म्हणालं, हे कुलूप तुमचंच कशावरून, ओळखीच्या दोन माणसांची नावं. खाली लिहिलं होतं : अर्ज तपासून योग्य वाटल्यास आत यायचा परवलीचा शब्द पाठवण्यात येईल.

"आणि अर्ज किती आले?" मुलीनं विचारलं.

"एकही नाही. बघ, म्हणजे सगळे चोरच होते."

मुलीनं दुसरा आकडा काढून दाखवला. महिनाभरात वेबसाइटच्या दारापर्यंत दोनशे बारा माणसं आली होती आणि तिथूनच परत गेली होती.

आयुष्यात दार कोणी ठोठावलं की सातकुलप्यांना भीती वाटे. ही माणसं न ठोठावता गेली होती, आणि त्याची त्यांना अधिकच भीती वाटली. "दोनशे बारा," ते म्हणाले. "त्यांतला एखादा तरी चिडलेला असेल गं."

पंधरा तारखेला दहा दिवस उरले होते. भांडाभांडीनंतर तह झाला. अर्ज दारातून काढायचा, पण किल्ली मागताना अकराही प्रश्न विचारायचे. यापुढं मुलीची मजल गेली नाही.

"आता लोक यायला हवेत ना, तर काहीतरी लिहा," ती म्हणाली. "किल्ली हरवली की माणूस फोनवर शोधतो, आता काय करू म्हणून. त्याचं उत्तर तुमच्या पानावर असलं की तो तुमच्याकडे येणार. तुम्हाला तर सगळं येतं. बिनकिल्लीचं कपाट कसं उघडावं, यावर लिहा. रांग लागेल."

सातकुलप्यांचा चेहरा पांढरा पडला. "आणि त्या रांगेत कोण उभं असेल?"

"बाबा!"

"नाही. त्यापेक्षा मी टाय घालीन."

हे ते खरंच बोलत होते. त्यांना जे येत होतं त्याचीच त्यांना सर्वांत जास्त भीती वाटे, आणि नेमकं तेच सांगितल्याशिवाय लोक येणार नव्हते. दोन दिवस ते कोरा कागद घेऊन मशीनपाशी बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक पान लिहून काढलं. कुलपाबद्दल त्यात अक्षर नव्हतं. हरवलेली किल्ली कुठं सापडते, ते लिहिलं होतं.

एकतीस वर्षं माणसं नवी किल्ली करून नेत आणि आठवड्यानं सांगायला येत, अहो, जुनी अमुक ठिकाणी सापडली. ती सगळी ठिकाणं सातकुलप्यांच्या डोक्यात होती. ज्या दिवशी घाई होती त्या दिवशीच्या चपलेत बघा. फ्रिजवर बघा, फोन घेताना माणूस हातातलं तिथं ठेवतो. कपाटालाच लटकलेली नाही ना, दार पूर्ण उघडून मागून बघा. जिच्यावर संशय घेतलात त्या सुनेची माफी मागा. माफी मागितल्यावर पुष्कळदा सापडते.

लोक आले. पहिल्या दिवशी चाळीस, दुसऱ्या दिवशी तीनशे. एकानं दुसऱ्याला पाठवलं, दुसऱ्यानं दहांना. सातकुलप्यांनी खिडकी लावायचंही सोडून दिलं. एवढ्यांना पुरेल अशी खिडकी त्यांच्याकडे नव्हती. आणि मग निरोप यायला लागले. "सापडली! चपलेत होती!" "सापडली, फ्रिजवर." "सुनेची माफी मागितली. सापडली नाही, पण सून बोलायला लागली."

किल्ली मागणारा मात्र एकही नाही. ज्याला त्याला आपापली सापडत होती.

"स्वतःच्या हातानं धंदा बुडवणारा माणूस मी पहिलाच पाहिला," बायको म्हणाली, पण चेष्टेत जीव नव्हता. तेरा तारखेला तिनं मशीन पुसलं. चौदाला पुन्हा पुसलं. कशाला पुसतेस, असं त्यांनी विचारलं नाही.

पंधराला सकाळी मेहुणा आला. सात कुलपं उघडेपर्यंत तो बाहेर घड्याळ बघत उभा होता. "भावजी, चला. टाय बांधायला येतो ना?" सातकुलप्यांनी मान पुढं केली. मेहुणा गाठ मारत होता तेवढ्यात मुलगी आतून फोन घेऊन धावत आली.

मागणी आली होती, अकराही उत्तरांसकट. टेबलाच्या कप्प्याचं कुलूप, त्यावरचा नंबर, फोटो. पाठवणारी एक म्हातारी बाई होती. ती वृद्धांच्या निवासात राहत होती. मुलीनं मोठ्यानं वाचलं :

"किल्ली कशी हरवली? हरवली नाही, कधी नव्हतीच. खोलीत आम्ही चौघी आहोत. कप्पा उघडाच असतो. मला उघडायला किल्ली नको, लावायला हवी. घरात कोण काय म्हणालं? घर असतं तर किल्ली कशाला मागितली असती? काहीतरीच विचारता. कुलूप तुमचंच कशावरून? कप्प्यात माझी कवळी आहे, बसवून दाखवीन. दोन पत्रं आहेत, ती दाखवणार नाही."

मेहुण्याच्या हातात टायचं टोक तसंच होतं.

"चिडलीय," सातकुलपे म्हणाले. "चांगलीच चिडलीय."

त्यांनी टाय काढला, नंबर पुन्हा पुन्हा ताडून पाहिला आणि मशीन सुरू केलं. मेहुणा चहा पिऊन गेला. नोकरीचं नाव निघालं नाही. किल्ली त्यांनी कानशीनं इतका वेळ घासली की बायको म्हणाली, आता उरेल ना काही? माणूस न बघता केलेली त्यांची ती पहिली किल्ली. पाकीट टपालात पडलं आणि सहा दिवस सातकुलप्यांना घास उतरला नाही. नंबर चुकला असेल. पाकीट खोलीतल्या बाकीच्या तिघींपैकी कोणी फोडलं असेल.

सातव्या दिवशी निरोप आला. "कप्पा लागला. किल्ली गळ्यात घातली आहे."

"बघा," बायको म्हणाली, "झालं ना? आता तरी हसा."

त्यांनी हसायचा प्रयत्न केला. मग एकदम उठले आणि मशीनपाशी जाऊन बसले. "एकच आहे गं तिच्याजवळ," ते म्हणाले. "हरवली तर?"

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मशीनच्या वर एक नवा खिळा ठोकलेला दिसला. त्याला एक लहान किल्ली टांगली होती आणि खाली चिठ्ठी होती : कवळीवाल्या बाई, दुसरी. पुढं आणखी सहा खिळे रांगेत ठोकलेले होते, अजून न आलेल्या गिऱ्हाइकांसाठी, रिकामे. त्यांच्याकडे बघताना सातकुलप्यांच्या कपाळावर घाम आला होता.