उघड्या छपराची गाडी

बाबा माझ्या नव्या गाडीत शेजारी बसले आणि उन्हात तापलेल्या सीटच्या वासाने मी थेट मालकांच्या जीपमध्ये पोचले.

वरवट बकालच्या एका बड्या शेतकऱ्याकडे बाबा ड्रायव्हर होते. मी आठ वर्षांची असताना एकदा शेतातून परतताना त्यांनी जीपची ताडपत्री गुंडाळली आणि मला पुढे बसवलं. तोंडावर वारा, दातांखाली माती, दोन्हीकडे कपाशी; मी ओरडून गात होते. गाव जवळ येताच बाबांनी जीप थांबवली आणि ताडपत्री पुन्हा ताणून बांधली.

“काऊन बांधून राह्यले, बाबा?”

“धूळ उडते, बेटा.”

धूळ तर मागे राहिली होती. गावात डांबरी रस्ता होता. भीमनगरातल्या ड्रायव्हरची पोरगी मालकाच्या पुढच्या सीटवर कुणाला दिसू नये, म्हणून ती ताडपत्री होती. हे मला फार उशिरा कळलं, आणि तेव्हाच ठरवलं, गाडी घेईन तर छप्पर उघडणारीच.

आज गाव दिसताच बाबांचा हात आपसूक वर गेला. “छप्पर लावून घे बेटा, धूळ उडते.”

“उडू द्या न, बाबा,” मी म्हटलं आणि गाडीचा वेग कमी केला.