पाहणीच्या दिवशी झाडलेली जागा

भाऊसाहेबांनी आधी खिशातून रुमाल काढला. घडी मोडली, नाकाला लावला, आणि मग कारकुनाला म्हणाले, "या बायांना बाहेर घ्या. खिडकीपाशी उभ्या राहू द्यात. तिथूनही ऐकू येतं."

आम्ही सहा-सात जणी होतो. आत येऊन नीट उभ्याही राहिलो नव्हतो. कारकुनाने हाताने दार दाखवलं. आम्ही बाहेर पडलो, कचेरीला वळसा घातला आणि खिडकीपाशी जाऊन थांबलो. खिडकीला गज होते. आत मोठं टेबल, भोवती पाच माणसं, वर पंखा. बाहेर ऊन. आमच्याच अर्जाची सुनावणी आम्ही गजांतून ऐकली.

मला राग आला नाही. लोकांना वाटतं, अशा वेळी रक्त उसळतं. माझं काही उसळलं नाही. गजाचा रंग कुठे कुठे उडालाय ते मी बघत होते. सासू एका पायावर भार देऊन उभी होती. तिला टेकायला काही मिळेल का, तेवढंच डोक्यात होतं. काही मिळालं नाही.

आधी जागा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डहाणूहून झाईकडे समुद्राच्या कडेने रस्ता जातो. त्या रस्त्याच्या एका अंगाला आमची मांगेल्यांची, मासेमारांची वस्ती, तिला लागून चिकूच्या वाड्या. दुसऱ्या अंगाला रेतीचा पट्टा आणि मग समुद्र. होड्या वस्तीच्या मागे खाडीत लागायच्या. तिथून बाया ओल्या मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडायच्या आणि रेतीवर जायच्या, कारण ऊन आणि वारा तिथेच. रेतीत बांबू रोवून आडवे बांबू बांधले की वलांडी झाली. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी वलांडीवर टाकायची. ऊन चांगलं असेल तर वाळतात. ढग आले तर सडतात. सुकी मासळी तलासरीच्या बाजारात, वाणगावला, आणि चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत विकायची. वस्तीतली घरं त्यावर चालायची. दुसरं काही नव्हतं.

पट्टा सरकारी होता. पलीकडच्या वाडीच्या शेठने त्यावर बंगला आणि पाहुण्यांसाठी खोल्या बांधायची परवानगी मागितली. त्याच शेठचे चिकूचे ट्रक आमच्या दारावरून स्टेशनाकडे पळायचे. आदल्या वर्षी एका ट्रकचं चाक माझ्या सासूच्या पावलावरून गेलं होतं. शेठने चिकूची करंडी पाठवली. आम्ही चिकू खाल्ले.

तालुक्याला तेव्हा एक कमिटी नेमलेली होती. कुठल्या जागेवर काय बांधू द्यायचं आणि गावातल्या रस्त्यावर गाड्या किती वेगाने जाऊ द्यायच्या, दोन्ही ती ठरवायची. भाऊसाहेब तिचे अध्यक्ष. त्यांचीही वाडी होती, आणि शेठशी जाणं-येणं होतं. मी झाईच्या शाळेत चौथी झालेली, म्हणून अर्ज मी लिहिला. मागण्या दोन. आमची मासळी सुकवायची जागा शेठला देऊ नका. वस्तीजवळ गाड्यांचा वेग कमी करा, तशी पाटी लावा.

सुनावणीच्या दिवशी सकाळीच होड्या आल्या. मासळी टाकून आम्ही तशाच निघालो. हात धुतले होते, पण बोंबलाचं पाणी लुगड्यावर असतंच.

खिडकीतून भाऊसाहेबांनी विचारलं, "जागेचा कागद आहे का तुमच्याकडे?"

सासू म्हणाली, "कागद नाय, भाऊसाहेब. वलांड्या हायेत. माझ्या सासूच्या हातच्या."

आतले हसले. भाऊसाहेब हसले नाहीत. ते सभ्यपणे म्हणाले, "आम्ही जागेवर येऊन पाहणी करू. जे डोळ्यांना दिसेल ते लिहू. पण बायांनो, त्या दिवशी जरा आंघोळी करून उभ्या राहा. आम्हाला श्वास घेता आला पाहिजे."

मग मात्र सगळेच हसले.

घरी येताना शेजारची हिरूबाय म्हणाली, "आंघोळी करून उभ्या राहा म्हणतो. काय गो, लग्न लावतो काय आपलं?"

"तुझं कोण लावील या वयात," सासू म्हणाली.

तेवढंच हसणं झालं.

आमच्याकडे पाहुणा यायचा असला की दार झाडतात, सारवतात, जाळी, पाट्या सगळं मागे नेऊन ठेवतात. पाहुण्याच्या वाटेत मासळी ठेवायची नाही, ही रीत. लग्नाची बोलणी असोत, तलाठी येवो, रीत तीच. सासू वस्तीत मोठी. तिने सांगितलं, कमिटी येणार तर जागा आरशासारखी पाहिजे. कोणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. मलाही नाही. कामं वाटून देणं माझ्याकडेच असायचं, तशी मी ती वाटून दिली. कोणी बांबू उपटायचे, कोणी दोर गुंडाळायचे, कोणी खवले वेचायचे, कोणी वरची काळी रेती पाटीने उचलून ताजी टाकायची. अर्धी वाळलेली मासळी घरात कोंबली. त्या दिवशीची ओली मासळी मिळेल त्या भावाने देऊन टाकली. रेतीवर पाणी मारलं. दोन ठिकाणी ऊद जाळला.

हिरूबायने कमरेवर हात ठेवून सगळीकडे बघितलं. "गो, आता बोंबील पण लाजेल हितं वाळायला."

कमिटी जीपने आली. आम्ही ठेवणीतली लुगडी नेसून, डोक्यात अबोली घालून वस्तीच्या बाजूला रांगेने उभ्या होतो. एकही बाई पाटी घेऊन रस्त्यावर नव्हती. पोरांनाही घरात बसवलं होतं. भाऊसाहेब रेतीवर चालले, पार पाण्यापर्यंत गेले, परत आले. रुमाल काढला नाही. सासूपुढे थांबून म्हणाले, "छान ठेवली आहे जागा. अशीच ठेवा."

सासूने हात जोडले. आम्ही चहा केला होता, नवे कप आणले होते. ते म्हणाले, आत्ताच घेतला. जीप शेठच्या वाडीत गेली. तिथे शहाळी फोडलेली आम्हाला रस्त्यावरून दिसली.

तरी आम्ही खूश होतो. संध्याकाळी सासू दोन-तीनदा म्हणाली, "मनाने चांगला माणूस हाय. अशीच ठेवा बोलला." त्या रात्री घरात कोंबलेल्या बोंबलांना अळ्या पडल्या. सकाळी ते खाडीत टाकले. त्याचंही कोणाला फार वाटलं नाही. अशीच ठेवा म्हणाले म्हणून निकालापर्यंत वलांड्या रोवल्याच नाहीत.

निकाल ऐकायला पुन्हा कचेरीत बोलावलं. या वेळी होड्या येण्याआधीच आम्ही निघालो. आंघोळी केल्या, डोक्यांना शिकेकाई लावली, धुतलेली लुगडी नेसलो. हिरूबायने लेकीच्या डब्यातली पावडरसुद्धा मानेला थापली. दारात पोचलो. कारकुनाने मान वर केली, आम्हाला ओळखलं, आणि खिडकीच्या दिशेने बोट केलं.

बाया वळल्या. सासू वळली. मीही वळले. कचेरीला वळसा घालून, त्याच खिडकीला, त्याच गजांपाशी उभ्या राहिलो.

आत कारकून वाचत होता. सदर जागा मोकळी व स्वच्छ असून तीवर कोणताही वापर आढळून आला नाही. सबब बांधकामास परवानगी देण्यास हरकत नाही. पुढचं वाचलं. वस्तीलगत रस्त्यावर पायी रहदारी आढळून आली नाही. सबब वेगमर्यादेची आवश्यकता नाही. मात्र बांधकामाच्या अर्जदारांकडे पाहुण्यांची ये-जा होणार असल्याने त्यांच्या फाटकाजवळ ताशी दहा मैलांची पाटी लावावी.

सासूने मला विचारलं, "काय बोलला?"

मी सांगितलं, "जागा रिकामी दिसली म्हणतात."

"रिकामी कशी? आपण झाडली ना."

ती हे मला सांगत नव्हती. तिने ते खिडकीतून आत, मोठ्याने सांगितलं. "भाऊसाहेब, आमी झाडली होती. तुमी येणार म्हणून झाडली."

आत कारकुनाने पुढचा कागद घेतला.

तेव्हा मला दिसलं, आणि दिसलं ते अगदी साधं होतं. माझ्या अंगाला शिकेकाईचा वास येत होता. तरी मी खिडकीबाहेर होते. आम्ही वास धुतला होता आणि त्याबरोबर आमची जागा, आमचं काम, रस्त्यावरची आमची वर्दळ, सगळं आमच्याच हाताने धुवून दिलं होतं. आम्ही दिसायला नकोच होतो. वास हे नुसतं सांगायला होतं.

मी खिडकी सोडली. वळसा घालून दारातून आत गेले. टेबलाच्या कडेला एक रिकामी खुर्ची होती, तिच्यावर बसले. खुर्चीवर बसायची मला सवय नव्हती. पाय कुठे ठेवायचे कळेना.

कारकून उठला. "बाई, बाहेर."

"आज वास नाही," मी म्हणाले. हात पुढे केला. "बघा हुंगून."

तो मागे सरला. भाऊसाहेब म्हणाले, "बाई, प्रश्न वासाचा नाही."

"मग कशाचा?"

त्यांनी समोरचे कागद सारखे केले. बाकीचे चौघे टेबलाकडे बघत होते. मी उठले नाही.

शेवटी ते म्हणाले, "निर्णय झालेला आहे. हरकत असेल तर ठाण्याला जिल्हा कचेरीत अपील करा."

"करते. ते कसं करायचं, ते सांगा. ऐकून मग उठते."

कारकुनाने भाऊसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. कारकुनाने सांगितलं, मी ऐकलं, एकदा परत म्हणून घेतलं, आणि मग उठले. बाहेर सासू म्हणाली, "पोरी, खुर्चीवर बसलीस?" तिच्या आवाजात भीती होती. मी हो म्हणाले. मला त्यात काही मोठं केल्यासारखं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वलांड्या पुन्हा रोवल्या. शेठच्या माणसांनी कुंपणाचे खांब आणून टाकले होते, त्या खांबांशेजारीच रोवल्या. अपील गेलं. काही महिन्यांनी ठाण्याचा साहेब येणार असा निरोप आला. सासूने सवयीने झाडू उचलला. मी तो तिच्या हातातून घेतला.

"पाहुणा येतोय गो," ती म्हणाली.

"पाहुणा नाही, आय. पाहणी आहे."

साहेब आला तेव्हा वलांड्या भरलेल्या होत्या. त्याला बोंबलांखालून वाकून चालावं लागलं. सदऱ्यावर पाणी गळलं. त्याच्या जीपपुढून बाया पाट्या घेऊन रस्ता ओलांडत राहिल्या, आणि जीप उभी राहिली. सासू सगळ्यात मागे, पाय ओढत. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. ती थांबली, त्याच्याकडे बघितलं, आणि होती तशीच सावकाश चालली.

निकाल अर्धा लागला. पट्ट्याची निम्मी जागा शेठला गेली, निम्मी आमच्याकडे राहिली. निम्म्या जागेत निम्मी मासळी वाळते. बाकीची ओलीच विकावी लागते, पडेल त्या भावाने. सासू त्याच पायाच्या दुखण्याने गेली. वस्तीजवळ पाटी अजून नाही. फाटकाजवळची पाटी शेठ दर दिवाळीला रंगवून घेतो.

आता उरलेल्या निम्म्या जागेसाठी शेठचा नवा अर्ज पडला आहे. माणसं नवी, कमिटी नवी. परवा पाहणी आहे. काल निरोप घेऊन आलेला शिपाई म्हणाला, "बाई, साहेब जरा नाजूक आहेत. जागा तेवढी स्वच्छ ठेवा." घरातल्या सुना माझ्याकडे बघत होत्या.

मी त्यांना कामं वाटून दिली आहेत. परवा पहाटे नेहमीसारखं खाडीवर जायचं. मिळेल ती सगळी मासळी आणायची, एक पाटीसुद्धा ओली विकायची नाही. प्रत्येक वलांडी भरायची. जागा कमी पडली तर शेठच्या कुंपणाच्या तारेवर टाकायची. रस्ता ओलांडताना गाडी दिसली म्हणून पळायचं नाही. कोणी बाजूला व्हा म्हणालं, तर व्हायचं नाही. साहेबांनी रुमाल काढला तर काढू द्यायचा. आणि सुनावणीला बोलावलं की आपण दारातून आत जायचं आणि बसायचं. खुर्ची नसली तर मागायची. दिली नाही तर उभं राहायचं, पण आत.