घर बरं, दुकान बरं

आमच्या आत्याला कुणाच्या दारावरून मुकाट्यानं जाताच यायचं नाही. दारात माणूस दिसला की ती थांबायची आणि सुरू व्हायची. घर बरं हाये का? लेकरं बरे हायेत का? म्हातारी बरी हाये का? ढोरं बरे हायेत का? वावर बरं हाये का? समोरच्यानं प्रत्येकाला वेगळं 'बरं हाये' म्हणायचं, मगच पुढचा प्रश्न. 'सगळं बरं हाये' म्हणून एका दमात सुटका करून घेणाऱ्याला ती सोडायची नाही. "सगळं म्हंजे काय? म्हशीचं येगळं सांग," म्हणून पुन्हा पहिल्यापासून. आमच्या मोताळ्यातले निम्मे लोक तिला बघून गल्ली बदलायचे आणि उरलेले निम्मे तिची वाट बघायचे. शाळेत असताना मी गल्ली बदलणाऱ्यांत होते, खोटं कशाला बोलू!

ही सवय तिनं टोगोहून आणली होती. टोगो म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला एक देश. नकाशावर करंगळी ठेवली की दिसेनासा होतो. आत्याचा नवरा, आमचे मामाजी, नांदुऱ्याच्या जिनिंगमध्ये फिटर होते. कपाशी तिकडेही पिकते, सरकी काढायला मशिनी तिकडेही लागतात आणि मशिनी काय, कुठंही गेल्या तरी बिघडतात. मामाजींना तिकडच्या एका जिनिंगनं बोलावलं आणि लग्नाला वर्ष झालेलं नसताना आत्या त्यांच्यामागे गेली. राजधानी लोमे, तिथून गाडीनं अर्धा दिवस आत त्यांचं गाव. त्या गावाचं नाव आत्यानं मला शंभरदा सांगितलं, माझ्या तोंडात एकदाही नीट बसलं नाही.

पहिल्याच सकाळी ती हंडा घेऊन नळावर निघाली. डोक्यावर पदर, नजर खाली, कुणाकडे बघणं नाही की बोलणं नाही. आपल्याकडे अशा सुनेचं कौतुक होतं. तिकडे आळीभर बोभाटा झाला की ही नवी बाई सगळ्यांवर रुसलेली आहे! शेजारी आफी नावाची बाई राहायची, बाजारात कापड विकायची. तिनं आत्याला संध्याकाळी घरी नेलं, बसवलं, आधी पाणी दिलं. पाहुणा पाणी प्यायल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही, ही तिकडची रीत. पाणी पिऊन झाल्यावर तिनं खाणाखुणांनी विचारलं, आमचं काय चुकलं? "मले तं रडूच आलं वं," आत्या सांगायची. "म्या लाजेनं मान खाली घातली, अन् गावाले वाटलं गर्वानं. दुसऱ्या दिवसापासून मंग म्या एक दार सोडलं नाही."

आफीनं तिला खूप शिकवलं. मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा शिजवायला शिकवला. तिकडची बोली शिकवली. जन्माचा वार विचारून माणसाला नाव ठेवायला शिकवलं. सोमवारची म्हणून आत्याचं तिकडचं नाव आजो, आणि शुक्रवारची म्हणून ती स्वतः आफी. इकडे आल्यावर आत्यानं आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराचा वार काढला आणि एकेकाला कोकू, याओ, कोफी करून टाकलं. माझे वडील, म्हणजे आप्पा, हे तिचे थोरले भाऊ. ते निघाले शनिवारचे. "कोमी!" आत्या माझ्या कानात म्हणाली. "शनवारचा हाये. मंग अडून बसनारच तो." हे तिनं आप्पांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, पण पोरं म्हणायची.

आफीकडून तिनं घेतलेली खरी विद्या मात्र वेगळी. तिकडे बाजार बायांचा. कापड बाया विकतात, भाव बाया ठरवतात आणि कापडाला नावही बायाच ठेवतात. कापड म्हणजे रंगीत छापील सुती. त्याच्यावर नुसती नक्षी असून भागत नाही, त्याला नाव लागतं आणि ते नाव म्हणजे एखादं बोलणं असतं. जे तोंडानं म्हणता येत नाही ते बाई अंगावर नेसते आणि सवतीच्या, नाही तर नवऱ्याच्या समोरून जाते. बघणाऱ्याला बरोबर कळतं. "बिननावाचं कापड दुकानातच म्हातारं होते," हे आफीचं वाक्य. आत्या दुपारभर तिच्या दुकानात बसायची. शेवटी आफीनं तिला स्वतःसारखं एक स्टूल करून दिलं, एकाच ओंडक्यातून कोरलेलं. उठताना ते आडवं करून ठेवायचं. आडव्या स्टुलावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही.

मामाजी तापानं गेले. आठ दिवसांत सगळा खेळ संपला. बाजारातल्या बाया एकाच छापाचं कापड नेसून तिच्याकडे येऊन बसल्या होत्या, एवढंच त्या दिवसांबद्दल ती सांगायची. मूलबाळ नव्हतं. एक पेटी आणि ते स्टूल घेऊन ती माहेरी आली. आप्पांनी तिला नांदुरा स्टेशनवरून स्वतः आणलं, घरी आल्यावर माजघराशेजारची खोली रिकामी करून दिली. आप्पा वाईट माणूस नाहीत हो, मुळीच नाहीत. बहिणीला काही कमी पडू द्यायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

महिनाभरानं जेवताना आत्या म्हणाली, "दादा, मी बाजारात कापडाचं दुकान लावनार हाये."

आप्पांचा घास हातातच राहिला. "आपल्या घरची बाई बाजारात बसन? लोकं काय म्हनतीन? भाऊ खायाले घालत नाही म्हनतीन."

"तू घालतं, मले मालूम हाये. पन मले नुसतं बसून खाता येत नाही. तिकडं बाजारातल्या बाईले रस्त्यावरचा पोलीसबी आई म्हनते."

"हे टोगो नाही. मोताळा हाये."

"म्हनून तं मोताळ्यातच लावून राह्यली ना!"

आईनं पदर तोंडाला लावला. आप्पा ताटावरून उठले. "बाजारात बसली तं या घराची पायरी चढू नको," म्हणाले. आत्यानं शांतपणे जेवण संपवलं, ताट घासलं आणि स्टूल उचलून दोन गल्ल्या पलीकडे खोली बघायला गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी सात वाजता ती आमच्या दारात हजर. पायरीखाली. आई घाबरून म्हणाली, "अवो, त्यायनं नाही म्हटलं ना तुमाले!"

"पायरी चढू नको म्हनला तो. खाली उभं राहू नको असं थोडीच म्हनला?" आणि आप्पांकडे बघून, "घर बरं हाये का दादा?"

आप्पांनी पेपर तोंडासमोर धरला. आत्या थांबली. माणसाला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढं थांबून स्वतःच म्हणाली, "बरं हाये." मग, "ढोरं बरे हायेत का? बरे हायेत. वावर बरं हाये का? बरं हाये, पन सोयाबीनले एक पानी पाह्यजे." सगळे प्रश्न, सगळी उत्तरं, आणि मग स्टूल काखेत मारून बाजारात.

असं तिनं सात वर्षं केलं. एक बाजार चुकवला नाही. आप्पांनी सात वर्षं पेपर खाली घेतला नाही. मला तिचा राग यायचा. एकदा मी म्हणालेच, "ते बोलत नाहीत, तू कशाला अपमान करून घेतेस?" ती म्हणाली, "अपमान इचारनाऱ्याचा नसते, पोरी. जवाब न देनाऱ्याचा असते."

बाजारात तिची जागा बांगड्यावालीच्या शेजारी. सुती साड्या, गाऊनचं कापड, ब्लाउजपीस. गठ्ठा सोडला की ती एकेक घडी मांडीवर घेऊन बसायची आणि नाव सुचेपर्यंत विकायची नाही. पिवळ्या ठिपक्यांची साडी 'नणंद आली'. निळ्या नागमोडी रेघांची 'रस्ता मालूम हाये मले'. एका जांभळ्या साडीचं नाव होतं 'ऐकून घेतलं, इसरली नाही'. ती देऊळघाटच्या एका सुनेनं नेली आणि पुढच्याच बाजाराला तिची सासू तणतणत आली. "माह्या सुनेले काय शिकवून राह्यली वं तू?"

आत्यानं तिला आधी पाणी दिलं. मग घर, लेकरं, ढोरं, वावर. सासूबाईंचा राग म्हशीपर्यंत येता येता निम्मा झाला, म्हैस आटली होती ना. मग आत्यानं हिरव्या काठाची एक साडी उलगडली. "हे घ्या. हिचं नाव 'मीबी सूनच होती'." बाई बराच वेळ त्या साडीवरून हात फिरवत बसली. घेऊन गेली. बायका आत्याला 'नाववाली' म्हणायला लागल्या त्या याच्यानंतर.

बी.एड. होऊन मी घरी बसले होते. नोकरीचे अर्ज करायचे आणि बाजाराच्या दिवशी आप्पांना न सांगता आत्याच्या मदतीला जायचं, एवढंच माझं काम. बाजाराचा कायदा मला तिथं कळला. तो कुठं लिहिलेला नाही, पण त्याच्यापुढे कुणाचं चालत नाही. जागा एक बाजार रिकामी राहिली की गेली. दुसरा कुणी पोतं अंथरतो आणि मग भांडून उपयोग नाही. आत्या तापातही बाजारात यायची ती याच भीतीनं.

आणि एका बाजाराला सकाळी सात वाजले तरी ती आली नाही. सव्वासात झाले. आप्पांनी पेपर खाली घेतला, दाराकडे बघितलं, पुन्हा वर घेतला. चहा गार झाला. साडेसातला ते म्हणाले, "आज आली नाही काऊन?" आईच्या हातातला झाराच पडला. आप्पा काठी घेऊन निघाले. मी मागोमाग.

आत्या खाटेवर होती. नळावर पाय घसरून घोटा सुजून भोपळा झालेला. आप्पा दारातूनच ओरडले, "काय झालं?"

"दादा," आत्या म्हणाली, "आधी इचारतेत."

गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं, आता हे मागे फिरणार. आप्पांनी घसा साफ केला.

"घर बरं हाये का?"

"बरं हाये."

"तब्येत बरी हाये का?"

"पाय सोडून बरी हाये."

आप्पा थांबले. आत्यानं त्यांच्याकडे रोखून बघितलं. "एक राह्यलं."

काय राहिलं ते त्यांना कळलं होतं, मलाही कळलं होतं. सात वर्षं ज्याचं नाव काढलं नाही ते आता गल्लीच्या देखत काढायचं होतं. खाली बघत ते म्हणाले, "दुकान बरं हाये का?"

"नाही," आत्या म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा तिला रडू आलं. "दुकान बरं नाही, दादा. आज माही जागा जाईन."

आप्पांनी खोलीत नजर फिरवली. कोपऱ्यात स्टूल आडवं ठेवलेलं होतं. ते त्यांनी उचललं, मला म्हणाले, "गठ्ठा घे."

भर बाजारात, सगळ्या ओळखीच्यांसमोर, आप्पांनी स्टूल सरळ केलं आणि त्याच्यावर बसले. धोतर, टोपी, हातात काठी आणि समोर ब्लाउजपीस! मी मोजमाप करत होते. आप्पा फक्त जागा धरून बसले होते, कपाळावर घाम. तेवढ्यात एका म्हातारीनं राखाडी रंगाची, बारीक लाल टिंबांची नवी साडी उचलली. "याचं नाव काय हो भाऊ?"

नाव ठेवलेलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, पण आप्पांनी साडी मांडीवर घेतली होती. आत्यासारखीच. खूप वेळ बघत राहिले.

"याचं नाव 'उशीर झाला'," ते म्हणाले.

त्या छापाच्या सगळ्या साड्या दुपारपर्यंत संपल्या. मी तेवढी एक बाजूला काढून ठेवली. संध्याकाळी आत्याला सांगितलं तर ती आधी हसली, हसता हसता रडली, आणि म्हणाली, "शनवारचा मानूस. उशिरा बोलते, पन बोलते." पुढच्या बाजारापासून तिनं लंगडत का होईना, पायरी चढून विचारायला सुरुवात केली आणि आप्पा एकेकाला वेगळं उत्तर द्यायला लागले. म्हशीचंसुद्धा.

ती गेल्याला अजून वर्ष झालं नाही. हृदयानं दगा दिला, फारसं काही करताच आलं नाही. तेराव्याला मी ती राखाडी साडी नेसले. बांगड्यावालीही त्याच छापाची नेसून आली, मागे आणखी चौघीजणी. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. मधल्या बाजारांना बांगड्यावालीनंच आत्याच्या जागेवर आपलं पोतं अंथरून ती धरून ठेवली होती. त्या रात्रीच्या जेवणानंतर मी आप्पांना म्हणाले, "आप्पा, आत्याची जागा मी सोडणार नाही. मी बसणार." ते उठून हात धुवायला गेले.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी स्टूल आणायला आत्याच्या खोलीकडे गेले. गल्लीच्या तोंडाशीच आप्पांचा आवाज आला. कुलूप लावलेल्या दारासमोर ते काठी टेकून उभे होते.

"घर बरं हाये का?" ते म्हणाले. ती थांबायची तेवढंच थांबले, आणि स्वतःच म्हणाले, "बरं हाये."

"तब्येत बरी हाये का?" पुन्हा थांबले. "बरी हाये."

"दुकान बरं हाये का?"

इथं मात्र त्यांना उत्तर देता येईना. मग मान वळवली आणि त्यांना मी दिसले, हातात किल्ली. डोळे भरलेले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी पुन्हा विचारलं, "दुकान बरं हाये का?"

"बरं हाये, आप्पा," मी म्हटलं, आणि कुलूप उघडलं.